शकुंतला तीच, चेहरा नवा

१९०५ सालच्या गुरुद्वादशीला, म्हणजे ऐन दिवाळीच्या तोंडावर, मिरजेत किर्लोस्कर नाटक मंडळीने 'शाकुंतल' लावले. नाटक पंचवीस वर्षांचे जुने होते. पदे प्रेक्षकांना पाठ होती. दुष्यंताने कुठे थबकायचे, कण्वाने कुठे डोळे पुसायचे, हेही ठाऊक होते. नवी होती ती फक्त शकुंतला. नारायण श्रीपाद राजहंस नावाचा सतरा वर्षांचा मुलगा त्या रात्री प्रथमच या मंडळीची नायिका म्हणून उभा राहिला. पुण्यात त्याचे गाणे ऐकून लोकमान्य टिळकांनी त्याला 'बालगंधर्व' म्हटले, त्याला तेव्हा काही वर्षे होऊन गेली होती. पण गाण्याच्या बैठकीतले कौतुक वेगळे आणि भाऊराव कोल्हटकरांनी गाजवलेली भूमिका अंगावर घेणे वेगळे.

या प्रसंगाकडे आपण बहुधा एका थोर नटाचे पदार्पण म्हणून पाहतो. मला येथे त्याच्याकडे दुसऱ्या बाजूने पाहायचे आहे. एक चालती संस्था आपली प्रमुख नायिका बदलते, तेव्हा नेमके काय घडते? जुनी नायिका प्रेक्षकांच्या डोळ्यांसमोरून हललेली नसताना नवी कशी उभी केली जाते? आणि बदल फसला, तर दोष कोणाच्या पदरात पडतो? दूरचित्रवाणीच्या मालिकांमुळे हा प्रश्न आज घरोघरी चर्चेला येतो. त्याचा मराठी इतिहास मात्र सांगली-साताऱ्याच्या मातीत पावणेदोनशे वर्षांमागे जातो. तो उलगडताना मी एका ब्रिटिश हेरमालिकेचाही दाखला घेणार आहे, कारण तिने आठ-नऊ वर्षांत नायिका दोनदा बदलली आणि दोन्ही वेळा वेगळे परिणाम भोगले.

सूत्रधाराच्या काळात

सांगलीत १८४३ साली विष्णुदास भावे यांनी चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांच्या आश्रयाने 'सीतास्वयंवर' केले. तो ५ नोव्हेंबरचा दिवस आपण मराठी रंगभूमी दिन म्हणून पाळतो. भाव्यांच्या खेळात सीता, द्रौपदी या भूमिका मुलगेच करीत. पण त्या खेळाची रचना अशी होती, की सीता कोण झाली आहे याला फारसे महत्त्व नव्हते. पदे सारी सूत्रधार म्हणे. कथा तोच पुढे नेई. पात्रांनी प्रसंगाला साजेल असे आयत्या वेळचे बोलणे बोलावे, हातवारे करावेत, युद्ध करावे. एखादा मुलगा आजारी पडला, वयात येऊन त्याचा आवाज फुटला किंवा तो घरी पळून गेला, तर दुसऱ्या मुलाला लुगडे नेसवून उभे करता येत होते. भूमिका सूत्रधाराच्या मालकीची होती.

ही व्यवस्था मोडली ती १८८० साली. अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात 'शाकुंतल' रंगभूमीवर आणले आणि पदे सूत्रधाराच्या तोंडून काढून पात्रांच्या तोंडी घातली. शकुंतलेचे दुःख आता शकुंतलेनेच गायचे होते. संगीत नाटकाच्या इतिहासात या बदलाचे कलात्मक मोल पुष्कळ सांगितले जाते. त्याची व्यावहारिक बाजू तितकीच मोठी आहे. भूमिकेला स्वतःचा गळा मिळाला आणि त्या क्षणापासून नट बदलणे अवघड झाले. लुगडे दुसऱ्याला नेसवता येते, आवाज नेसवता येत नाही.

पहिल्या प्रयोगात शकुंतला झाले होते शंकरराव मुजुमदार. दोन वर्षांनी बडोद्याहून भाऊराव कोल्हटकर आले आणि 'सौभद्रा'तल्या सुभद्रेने त्यांनी महाराष्ट्र जिंकला. शकुंतलाही मग त्यांचीच झाली. मुजुमदारांनी नायिकेची जागा सोडली, पण मंडळी सोडली नाही. ते पुढे तिच्या कारभाराकडे वळले आणि चालक झाले. पुढील हकिकतीच्या दृष्टीने ही बाब महत्त्वाची आहे. नायिकेची जागा रिकामी करून देणे म्हणजे काय, हे स्वतः अनुभवलेला माणूस या कंपनीच्या कारभारात होता.

मिरजेचा प्रयोग

भाऊराव पुढे पुरुषभूमिकांकडे वळले. 'मृच्छकटिका'तला त्यांचा शर्विलक आणि 'शारदे'तला कोदंड नावाजला गेला. १९०१ साली त्यांचे निधन झाले. ते गेले तेव्हा मंडळीचा आवाजच गेला, अशी भावना होती. कंपनीजवळ उत्तम नाटके होती, नावलौकिक होता. त्या पदांना पुन्हा उभे करील असा गळा नव्हता.

अशा वेळी मंडळीच्या पुढे दोन वाटा असतात. नवे नाटक आणून नवी नायिका नव्या भूमिकेत दाखवावी, म्हणजे तुलना टळते. नाहीतर जुन्याच भूमिकेत तिला उतरवून तुलनेला सामोरे जावे. मंडळीने दुसरी वाट धरली. मला त्यात जिद्दीपेक्षा शहाणपण अधिक दिसते. 'शाकुंतल'ची तालीम कशी द्यायची याची पद्धत बसलेली होती. मुजुमदार स्वतः पहिली शकुंतला होते. समोर दुष्यंत म्हणून नानासाहेब जोगळेकरांसारखा मुरलेला नट होता. आणि सांगलीजवळच्या हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल होते. 'शारदा'कार देवल हे किर्लोस्करांच्या शिष्यवर्गातले, आणि तालीममास्तर म्हणून त्यांचा दबदबा होता. शब्द कसा फेकावा, पदर केव्हा सावरावा, पद गाताना अर्थ कसा हरवू देऊ नये, हे त्यांनी नव्या नटांना शिकवले. बालगंधर्वांनी त्यांना आयुष्यभर गुरुस्थानी मानले. म्हणजे नवा मुलगा एकटा उभा नव्हता. त्याच्या पाठीशी पंचवीस वर्षांची घडी होती.

मिरजच का, हाही प्रश्न विचारण्याजोगा आहे. मिरज तेव्हा पटवर्धनांचे स्वतंत्र संस्थान होते. सांगली दुसरे संस्थान, तासगाव-वाळवा हा मुलूख इंग्रजांच्या सातारा जिल्ह्यातला आणि शेजारी कोल्हापूरचे छत्रपती. (दक्षिण सातारा जिल्हा १९४९ साली झाला आणि त्याला सांगली हे नाव १९६० साली मिळाले.) रेल्वेमुळे मिरज हे नाटक मंडळ्यांच्या मुक्कामाचे सोयीचे गाव होते. नारायणरावांचे घराणे कृष्णाकाठच्या नागठाण्याचे, आजच्या पलूस तालुक्यातले. साताऱ्याच्या दक्षिणेला महामार्गावर लागते ते नागठाणे वेगळे. दोहोंची गल्लत नेहमी होते. मुलाला मंडळीत घालण्यामागे कोल्हापूरच्या शाहू महाराजांचा पुढाकार होता. त्याच्या कानाच्या दुखण्यावर डॉ. वानलेस यांच्या मिरजेच्या मिशन रुग्णालयात उपचार झाले, असेही सांगतात. ज्या हंसप्रभा थिएटरशी या पदार्पणाची आठवण जोडलेली आहे, त्या जागी आज बालगंधर्व नाट्यगृह आहे.

बदल यशस्वी झाला. त्याचे श्रेय त्या मुलाच्या गळ्याला द्यावे, रूपाला द्यावे, तसेच ते संस्थेच्या तयारीलाही द्यावे लागते. ही गोष्ट ध्यानात ठेवली, तर पुढच्या फसलेल्या बदलांचा न्याय करणे सोपे जाते.

साताऱ्याची जोडी

संगीत नाटकाच्या बाहेर, गद्य रंगभूमीवर, याच भागाने दुसरा नमुना घडवला. १८८१ च्या सुमारास निघालेल्या शाहूनगरवासी नाटक मंडळीच्या नावातच सातारा आहे. शाहूनगर हे साताऱ्याचेच नाव. गणपतराव जोशी यांचा हॅम्लेट, म्हणजे आगरकरांच्या 'विकारविलसित'मधला चंद्रसेन, आजही दंतकथेसारखा सांगितला जातो. त्यांच्या समोर नायिका असत बळवंतराव ऊर्फ बाळाभाऊ जोग. 'त्राटिका' नाटकात गणपतरावांचा प्रतापराव आणि बाळाभाऊंची त्राटिका ही जुगलबंदी पाहायला लोक पुनःपुन्हा जात.

येथे गाणे नव्हते, त्यामुळे नायिकेचा हक्क गळ्यावर आधारलेला नव्हता. तो जोडीवर आधारलेला होता. कोणाच्या वाक्यावर कोणी किती थांबायचे, रागाला हसू कुठे येऊन मिळायचे, हे दोघांनी वर्षानुवर्षे एकत्र काम करून बसवलेले होते. जोडीतला एक बदलला, तर राहिलेला दुसराही पूर्वीचा राहत नाही. ही गोष्ट पुढे हेरमालिकेच्या संदर्भात उपयोगी पडेल.

भूमिका नटाची होते

मिरजेनंतर सहा वर्षांनी, १२ मार्च १९११ रोजी, मुंबईत 'मानापमान' आले. नाटककार कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर, जन्माने सांगलीचे. चाली कोल्हापूरच्या गोविंदराव टेंब्यांच्या. धैर्यधर जोगळेकर, लक्ष्मीधर गणपतराव बोडस आणि भामिनी बालगंधर्व. श्रीमंतीच्या गुर्मीत धैर्यधराला नाकारणारी भामिनी वनमाला बनून त्याच्याजवळ वावरते आणि त्याची पारख करते. हेरगिरीच म्हणायची तर ही मराठी नायिकेची हेरगिरी: वेष बदलून स्वतःच्याच भावी नवऱ्याचा शोध घेणे.

'शाकुंतल' आणि 'मानापमान' यांत एक मूलभूत फरक आहे. शकुंतला आधी होती, नट नंतर आला. भामिनी मात्र या नटाला डोळ्यांसमोर ठेवूनच रंगभूमीवर आली. पहिल्या प्रयोगाच्या दिवशीच बालगंधर्वांची लहान मुलगी वारली आणि तरीही ते रंगभूमीवर उभे राहिले, ही हकिकत नाट्येतिहासात आदराने सांगितली जाते. ती वाचताना त्यांच्या धीराइतकेच मला कंपनीचे परावलंबनही दिसते. त्या दिवशी त्यांच्याऐवजी कोणी भामिनी होऊ शकले असते का? भाव्यांच्या काळात हा प्रश्नच उद्भवला नसता. सत्तर वर्षांत भूमिकेची मालकी सूत्रधाराकडून नटाकडे आली होती.

त्याचा हिशेब लवकरच झाला. जोगळेकरांच्या निधनानंतर मंडळीत बेबनाव वाढला आणि १९१३ साली बालगंधर्व, बोडस आणि टेंबे यांनी बाहेर पडून गंधर्व नाटक मंडळी काढली. किर्लोस्कर मंडळीला पुन्हा नायिका शोधावी लागली. तिने दीनानाथ मंगेशकर हा विलक्षण आवाजाचा गोव्याचा मुलगा मिळवला. १९१८ साली तोही बाहेर पडला आणि बळवंत संगीत मंडळी उभी राहिली. शंकरराव मुजुमदारांच्या कंपनीने मिरजेत जे साधले ते पुन्हा साधले नाही असे नाही. नवा आवाज तिला पुन्हा मिळाला होता. तो टिकवून धरता आला नाही. नायिका आता पगारी नोकर राहायला तयार नव्हती. तिला मालकी हवी होती.

लंडनची हेरमालिका

आता समुद्रापलीकडचा दाखला. ब्रिटनमध्ये १९६१ ते १९६९ या काळात 'दि अ‍ॅव्हेंजर्स' नावाची हेरमालिका चालली. अलीकडच्या महानायकांच्या चित्रपटांशी तिचा संबंध नाही. पॅट्रिक मॅकनी यांचा छत्री आणि गोल टोपीवाला हेर जॉन स्टीड हा तिचा कणा. सुरुवातीला त्याचा साथीदार पुरुष होता. तो नट सोडून गेल्यावर १९६२ पासून ऑनर ब्लॅकमन यांची कॅथी गेल आली. गंमत अशी, की तिच्या वाट्याला आलेल्या सुरुवातीच्या काही संहिता पुरुष साथीदारासाठी लिहिलेल्या होत्या. आपल्याकडे पुरुष स्त्री होऊन उभा राहिला. तिकडे स्त्रीने पुरुषाची वाक्ये उचलली आणि त्यातूनच धीट, हातघाईला न घाबरणारी नायिका जन्मली.

ब्लॅकमन 'गोल्डफिंगर' या बाँडपटासाठी गेल्या. त्यांच्या जागी निवडलेली अभिनेत्री थोड्या चित्रीकरणानंतर बदलण्यात आली आणि १९६५ साली डायना रिग यांची एमा पील पडद्यावर आली. बालपण राजस्थानात गेलेली ही अभिनेत्री जगभर गाजली. कॅमेरामनपेक्षाही आपल्याला पैसे कमी मिळतात हे कळल्यावर त्यांनी उघड तक्रार केली, मोबदला वाढवून घेतला आणि १९६८ मध्ये मालिका सोडली. १९१३ मधल्या फुटीची आठवण यावी असेच हे आहे. ज्याच्या नावावर प्रेक्षक येतो, तो एक दिवस हिशेब मागतोच.

मग लिंडा थॉर्सन ही विशीतली नवखी अभिनेत्री टारा किंग म्हणून आली. निरोपाच्या भागात जिन्यावर जुनी नायिका खाली उतरते आणि नवी वर चढते, अशी दोघींची भेट दाखवली आहे. लक्षात घ्यायचे ते हे, की या मालिकेने दरवेळी नायिकेचे नाव बदलले. कॅथी, एमा, टारा या तीन वेगळ्या स्त्रिया. जुन्या भूमिकेत नवा चेहरा बसवण्याऐवजी नवे पात्रच आणले. तुलना टळावी हा त्यातला हेतू. पण तुलना टळली नाही, कारण साताऱ्याच्या जोडीसारखीच ही जोडी होती. स्टीड तोच होता आणि प्रेक्षक त्याच्या शेजारची जागा पाहत होते.

१९६९ साली मालिका संपली आणि पुष्कळांनी खापर थॉर्सन यांच्यावर फोडले. वस्तुस्थिती अशी, की अमेरिकेत मालिका एका अतिशय लोकप्रिय विनोदी कार्यक्रमाच्या वेळेला समोरासमोर लावली गेली. अमेरिकी वाहिनीने हात काढून घेतला आणि तिकडचा पैसा आटला. मालिका पैशाअभावी थांबली. नाव मात्र नव्या नायिकेचे झाले.

मिरजेची दुसरी मुलगी

असेच खापर आपल्याकडे कोणावर फुटले, हे पाहण्यासाठी पुन्हा मिरजेला यावे लागते. बालगंधर्वांनी तेथे शकुंतलेचे लुगडे नेसले, त्याच १९०५ सालच्या मे महिन्यात त्याच गावात एक मुलगी जन्मली होती. अब्दुल करीम खाँ आणि ताराबाई यांची ही कन्या म्हणजे हिराबाई बडोदेकर. १९२९ साली नूतन संगीत नाटक मंडळीतून त्या सुभद्रा म्हणून उभ्या राहिल्या, स्त्री-पुरुष एकत्र काम करणाऱ्या नाटकात. एका गावाने एका वर्षात मराठी रंगभूमीला दोन नायिका दिल्या: एक पुरुष आणि एक स्त्री. पहिल्याला रंगभूमीचे दार ताबडतोब उघडले, दुसरीसाठी ते उघडायला चोवीस वर्षे लागली. हिराबाईंना कोण्या एका नटाची जागा घ्यायची नव्हती. स्त्रीची भूमिका पुरुषाने करण्याच्या एका संपूर्ण रिवाजाची जागा घ्यायची होती.

बालगंधर्वांच्या कंपनीत हा बदल उशिरा झाला. १९३८ च्या सुमारास गोहरबाई कर्नाटकी नायिका म्हणून आल्या आणि बालगंधर्व पुरुषभूमिकेत उभे राहू लागले. बाईंचा आवाज सुरेल होता, बालगंधर्वांची गायकी त्यांनी आत्मसात केली होती. तरी प्रेक्षकांचा एक मोठा वर्ग त्यांच्यावर रुसला आणि गंधर्वयुगाच्या अस्ताचा दोष त्यांच्या माथी मारला गेला. तारखा पाहिल्या तर हा आरोप टिकत नाही. १९३१ मध्ये 'आलम आरा' आला, १९३२ मध्ये 'अयोध्येचा राजा' मराठीत बोलू लागला. कंपनीवर कर्ज त्याच्याही आधीपासून होते. १९३५ मध्ये बालगंधर्व स्वतः 'धर्मात्मा' चित्रपटात एकनाथ झाले होते. बुडत्या गलबतावर शेवटी चढलेल्या बाईला गलबत बुडवल्याचा दोष देण्यात आला. ती स्त्री होती, परभाषक होती, धर्माने वेगळी होती. त्यामुळे दोष देणे अधिकच सोपे गेले.

साताऱ्याच्या चित्रीकरणात

आज सातारा जिल्हा मराठी मालिकांच्या चित्रीकरणाचे मोठे केंद्र झाला आहे. २०२० साली साताऱ्याकडे चित्रीकरण होत असलेल्या 'आई माझी काळूबाई' या मालिकेत मुख्य भूमिकेतील प्राजक्ता गायकवाड यांच्या जागी मध्येच वीणा जगताप आल्या. पात्राचे नाव तेच राहिले, चेहरा बदलला. म्हणजे लंडनची रीत सोडून मिरजेची रीत. फरक असा, की मिरजेत नव्या नटाला तालीममास्तर, मुरलेला सहनट आणि पाठ झालेले नाटक मिळाले होते. मालिकेत नव्या अभिनेत्रीला रोजचा भाग रोज द्यायचा असतो.

त्याच मालिकेच्या चित्रीकरणादरम्यान करोनाची लागण होऊन ज्येष्ठ अभिनेत्री आशालता वाबगावकर यांचे २२ सप्टेंबर २०२० रोजी साताऱ्यात निधन झाले. त्यांच्या नाट्यजीवनाच्या सुरुवातीची भूमिका होती 'संशयकल्लोळ'मधली रेवती. हरिपूरच्या देवलांनी लिहिलेली, १९१६ साली गंधर्व मंडळीत बालगंधर्वांनी गायलेली. पुरुषाकडून स्त्रीकडे, एका पिढीकडून दुसरीकडे ती रेवती सुखरूप आली, कारण प्रत्येक वेळी तिच्या मागे कोणीतरी शिकवणारे होते.

या सगळ्या हकिकतींतून मला एकच निष्कर्ष काढावासा वाटतो. नायिका बदलण्याचे यश नव्या नटीपेक्षा तिच्यामागच्या संस्थेवर अधिक अवलंबून असते. संस्था भक्कम असेल तर सतरा वर्षांचा मुलगाही भाऊरावांची जागा भरून काढतो. संस्था आतून पोखरलेली असेल, तर गोहरबाईंसारख्या गायिकेचेही काही चालत नाही. प्रेक्षकांना 'आधीचीच बरी होती' असे म्हणण्याचा हक्क आहे आणि तो ते बजावत राहतील. इतिहास लिहिणाऱ्याने मात्र तेवढ्यावर थांबू नये. जुनी नायिका का गेली, तिला पैसे काय मिळत होते, नवीला तालमीसाठी किती दिवस दिले, कंपनीवर कर्ज किती होते, हे त्याने विचारले पाहिजे. मराठी रंगभूमीच्या गौरवग्रंथांत बालगंधर्वांच्या शालूंची वर्णने पानोपानी सापडतात. त्यांच्या नंतर त्या जागी उभ्या राहिलेल्या बाईला चार न्यायाच्या ओळी अजून मिळायच्या आहेत.